पाचटातलं पिल्लू

जानेवारीतली दुपार होती. उसाचा फड अर्धाअधिक तोडून झाला होता. तोडीवरची एक बाई डोक्यावरची मोळी खाली टाकून, हातात पाटी घेऊन बांधाकडे आली. पाटीत पाचटाच्या दोन मुठी, त्यावर फडक्याचा तुकडा आणि फडक्याखाली सशाचं पिल्लू. ओंजळीत मावेल एवढं. अंगावर दाट भुरी लव, डोळे टक्क उघडे, कान पाठीला चिकटलेले. मागच्या उजव्या पायाला, टाचेच्या वर, कोयत्याची तिरकी चीर पडली होती आणि त्या चिरेत तीन-चार मुंग्या होत्या. पिल्लू हलत नव्हतं, ओरडतही नव्हतं. फक्त नाकपुड्या भरभर चालल्या होत्या.

"ताई, दूध पाजा की ह्याला. लई भुकेलंय बघा," बाई म्हणाली. तिच्या पोराने कोपीवरून वाटीत दूध आणलंसुद्धा होतं.

मी ती वाटी बाजूला ठेवली. त्या वेळी बाईच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरलेले नाही. उपाशी लेकराच्या तोंडचा घास कुणी काढून घ्यावा, तसं तिला वाटलं असणार. आणि तिची माया खरी होती. भर तोडीत, मुकादम हाका मारत असताना, हातातलं काम टाकून ती पिल्लू घेऊन आली होती. दूध का नको, हे मला तिथे उभ्या-उभ्या नीट सांगता आलं नाही. मी पशुवैद्य नाही. जखमी प्राण्यांना उपचारापर्यंत पोचवणाऱ्यांबरोबर काही वर्षं हिंडले, तेवढ्यावर जे शिकले ते इथे लिहिते आहे.

आधी ससा कोणता ते पाहू. दुकानात पिंजऱ्यात मिळणारा पांढरा ससा आणि आपल्या माळावरचा रानससा यांना मराठीत शब्द एकच आहे, आणि बरेचसे घोटाळे तिथूनच सुरू होतात. पांढरा पाळीव ससा मूळचा युरोपातला, बिळात राहणाऱ्या जातीचा. त्याची पिल्लं उघडीवाघडी, आंधळी जन्मतात आणि आईने स्वतःच्या अंगावरची लव उपटून केलेल्या मऊ अंथरुणात दिवस काढतात. आपल्या रानात ती जात नाही. आपला आहे तो लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा ससा. दख्खनच्या मोठ्या सशाला मागून पाहिलं तर मानेवरचा काळा पट्टा स्पष्ट दिसतो. हा बीळ खणत नाही. गवताच्या बुडख्यात, झुडपाच्या आडोशाला, पाचटाखाली अंगाने दाबून केलेला जरासा खळगा, एवढंच त्याचं घर. पिल्लू जन्मतं तेच केसाळ, उघड्या डोळ्यांचं, आणि थोड्याच वेळात चालू लागतं. दोघांचं नातंही वाटतं तितकं जवळचं नाही. पाळीव सशाची गुणसूत्रं ४४, रानसशाची ४८, आणि त्यांचा संकर होत नाही. त्यामुळे परदेशातल्या सशांसाठी लिहिलेला 'पिल्लू परत घरट्यात ठेवा' हा सल्ला इथे लागू पडत नाही. परत ठेवायला घरटंच नसतं.

बीळ नसलेल्या आईने पिल्लं वाढवायची कशी? तिने यावर काढलेला तोडगा माणसाच्या आईपणाच्या कल्पनेत बसत नाही. ती पिल्लांपासून लांब राहते. दिवसभर जवळ फिरकत नाही. पिल्लाच्या अंगाला वास फार कमी असतो, आईच्या अंगाला भरपूर. ती जवळ बसली तर कोल्हा, खोकड, मुंगूस, रानमांजर यांना वाट सापडते. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत पिल्लंसुद्धा एकमेकांपासून पांगतात आणि वेगवेगळ्या जागी दबून बसतात, म्हणजे एक सापडलं तरी सगळी सापडत नाहीत. नेदरलँड्समध्ये युरोपातल्या रानसशांवर लक्ष ठेवून १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की सूर्य मावळल्यावर साधारण पाऊण तासाने पिल्लं जन्मजागेपाशी गोळा होतात, आई येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. दिवसाचं दूध तेवढंच. पुढचे तेवीस तास आणि काही मिनिटं पिल्लू एकटं, निश्चल, गप्प.

आता याच पिल्लाकडे माणसाच्या नजरेने पाहा. एकटं आहे, हलत नाही, जवळ गेलं तरी पळत नाही, आई कुठे दिसत नाही. 'बिचारं पोरकं झालंय' असंच कुणालाही वाटेल. लहानपणापासून आपण गोष्टीत ऐकलेला ससा पाठीवर पान पडलं की आभाळ पडलं म्हणत धूम ठोकणारा. पण सशाचं पिल्लू घाबरलं की गोठतं. त्याच्या जगण्याची सगळी भिस्त त्या गोठण्यावर असते. अशी किती धडधाकट पिल्लं 'वाचवून' घरी नेली जातात आणि खोक्यात मरतात! उचललं जाणारं दर पिल्लू जखमी नसतं, पोरकं तर त्याहून नसतं.

'माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते' असं गावोगाव सांगतात. त्या भीतीने, एकदा उचललेलं पिल्लू परत ठेवायला लोक धजत नाहीत. ही समजूत चुकीची आहे. चुकून उचललेलं धडधाकट पिल्लू शक्य तितक्या लवकर त्याच जागी, किंवा तिथे धोका असेल तर अगदी जवळच्या आडोशाला ठेवलं, तर आई त्याला शोधून काढते. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या शेतकऱ्यांना हे नवीन वाटणार नाही. तिथे तोडीच्या वेळी उसात बिबट्याची बछडी सापडतात आणि वनखात्याची माणसं त्यांना तपासून संध्याकाळी त्याच फडात ठेवतात. रात्री मादी येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. बिबट्याच्या बाबतीत जे पटतं ते सशाच्या बाबतीतही पटायला हरकत नाही.

मग उचलायचं केव्हा? उघडी जखम, लोंबणारा पाय, अंगावर मुंग्या किंवा माशीची अंडी, हाताला थंडगार आणि लुळं लागणारं अंग, जवळच मरून पडलेली आई. आणि मांजर. हे शेवटचं मुद्दाम वेगळं सांगते, कारण इथे डोळ्यांची फसगत होते. मांजराच्या तोंडातून सोडवलेल्या पिल्लावर बहुतेक वेळा रक्त दिसत नाही. सुळा सुईसारखा आत जातो, वरची कातडी मिटते, लवेखाली काही कळत नाही. पण मांजराच्या तोंडातले पाश्चरेला नावाचे जंतू आत सोडले गेलेले असतात आणि एक-दोन दिवसांत ते रक्तात पसरून पिल्लू मरतं. त्यामुळे मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू 'काही लागलेलं नाही' असं दिसत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलं पाहिजे.

पाटीतल्या पिल्लाकडे परत येते. त्या वेळी मला सुचलेल्या आणि पुढे जाणत्या डॉक्टरांनी बरोबर ठरवलेल्या गोष्टी मोजक्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक 'न करण्याच्या' होत्या.

पिल्लाचे डोळे फडक्याने झाकले. डोळ्यांपुढे अंधार आला की सशाच्या जातीचं जनावर बरंच निवतं. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, असं दोन्हीकडून तोलून धरलं. कानाला धरून सशाला कधीच उचलू नये, आणि मागचं धड अधांतरी तर मुळीच सोडू नये. यामागचं कारण हाडांत आहे. सशाचा सगळा सांगाडा वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के असतो, मांजराचा बारा-तेरा. हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दांडगे. धरलेल्या सशाने हवेत जोराने लाथ झाडली तर त्या झटक्याने कमरेतला मणका मोडू शकतो. कोयत्याची जखम शिवता येते, मोडलेल्या मणक्याला इलाज नाही.

मुंग्या एकेक करून चिमट्याने काढल्या. रक्त ठिबकत होतं तिथे स्वच्छ कापडाची घडी पाच मिनिटं दाबून धरली. वरून आवळून काही बांधलं नाही, कारण एवढ्याशा पायाला आवळलेली चिंधी पायाचं रक्तच तोडते. जखम धुवायला मिठाचं पाणी पुरतं: अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. त्याच्यापलीकडे जखमेत काही भरायचं नाही. हळद चांगली, पण ती जखमेत लगदा होऊन बसते आणि डॉक्टरला आधी ती खरवडावी लागते. जंतुनाशकाचा बोळा मऊ मांस भाजतो. गुरांच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाइन ओतायची आपल्याकडे पद्धत आहे. सशाचं पिल्लू ते लवेवरून चाटतं आणि कातडीतूनही शोषतं, त्याला ते विषच आहे. पावसाळ्यात जखमेवर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे झुबके दिसले तर ती माशीची अंडी. एका दिवसाच्या आत त्यांतून किडे निघतात, म्हणून ती तिथल्या तिथे वेचून काढावीत.

मग खोकं. बुटाचं किंवा औषधांचं, बाजूला भोकं पाडलेलं, तळाशी जुनं सुती कापड. धागे निघणारा टॉवेल नको, नखं अडकतात. एका अंगाला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची, अर्ध्याच खोक्यात, म्हणजे पिल्लाला नको असेल तेव्हा दूर सरता येतं. सशाच्या अंगाचं तापमान ३८.५ ते ४० अंश, आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे 'आपल्या हाताला थंड लागतंय' म्हणजे पिल्लू बरंच गारठलेलं असतं. झाकण लावायचं आणि खोकं निवांत, अंधाऱ्या जागी ठेवायचं. पाण्याची वाटी आत ठेवायची नाही, पिल्लू त्यात भिजून आणखी गारठतं. सारखं उघडून पाहायचं नाही. पोरांना दाखवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुत्रं आसपास येऊ द्यायचं नाही. सशाचं काळीज म्हणतो ना आपण? ते अगदी शब्दशः घ्यावं. नुसत्या धसक्याने ससा दगावतो.

आणि आता दूध.

गाईच्या दुधात स्निग्धांश शंभरात साधारण चार, म्हशीच्या दुधात सात-आठ. युरोपातल्या रानसशाच्या दुधात तो विसाच्या आसपास मोजला गेला आहे. दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटं पाजायचं म्हटल्यावर दूध तसंच घट्ट असावं लागतं. उलट दुधातली साखर गाईच्या दुधात भरपूर आणि सशाच्या दुधात फारच कमी. सशाच्या पिल्लाचं आतडं त्या साखरेसाठी बनलेलंच नाही. ती न पचता पुढे सरकते, आंबते, पोट फुगतं, हगवण लागते. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी हगवणीत किती वेळ टिकणार?

याहून नाजूक गोष्ट आणखी पुढे आहे. पाळीव सशांवरच्या अभ्यासातून कळलेली ही गोष्ट. आईचं दूध पिल्लाच्या पोटात गेलं की त्यातून काही विशिष्ट स्निग्धाम्लं तयार होतात आणि ती पोटात जंतू वाढू देत नाहीत. म्हणजे दूध नुसतं अन्न नाही, दारावरचा पहारेकरीही आहे. गाईचं दूध पाजलं की पहारा उठतो. पुढे पिल्लू गवत खाऊ लागलं की ते पचवायला आतड्यातल्या मोठ्या पिशवीत उपयोगी जंतूंची वस्ती लागते. मोठा ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो: कोरड्या, ज्या आपल्याला माळावर दिसतात, आणि मऊ, ज्या तो थेट तोंडाने घेऊन पुन्हा खातो. आईच्या या मऊ लेंड्या चाखूनच पिल्लांच्या पोटात ती वस्ती येते, असं मानतात. आईविना वाढणाऱ्या पिल्लाला दूध एकवेळ मिळेल, ही शिदोरी मिळत नाही. हाताने वाढवलेली सशाची पिल्लं इतकी का मरतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा पोटात सापडतं.

शिवाय गारठलेल्या पिल्लाचं आतडं जवळपास थांबलेलं असतं. त्यात काहीही घातलं तरी ते तिथेच पडून आंबतं. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग डॉक्टरने दिलेलं पाणी-क्षार, आणि दूध त्यानंतर, तेही जाणत्या हाताने. उपचार केंद्रात बहुधा मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर वापरतात, सिरिंजने थेंब-थेंब, पिल्लाला चार पायांवर, अंग जरा उचललेलं ठेवून. आपण तान्ह्या बाळाला घेतो तसं उताणं कधीच नाही. ससा नाकाने श्वास घेतो. उताणं धरून पाजलेलं दूध नाकातून फुप्फुसात उतरतं आणि दोन दिवसांत न्यूमोनिया होतो. ज्यांनी प्रेमाने कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं, त्यांना पिल्लू का गेलं हे कधीच कळत नाही. भुकेने गेलं असं वाटून ते पुढच्या पिल्लाला आणखी पाजतात.

घरातली औषधंही तशीच. अमॉक्सिसिलिनची गोळी आपल्याकडे घराघरात पडलेली असते. सशाला ती तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि त्यांच्या विषाने ससा मरतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचे फिप्रोनिलचे थेंबही सशाला बाधतात. गोचिडं चिमट्याने काढावीत. आपलेही हात साबणाने धुवावेत, आणि पिल्लू चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन डॉक्टरला दाखवावी.

डॉक्टरपर्यंत पोचायचा रस्ता वनखात्यातून जातो. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, मारणं हा गुन्हा आहे. जखमी म्हणून उचललं तरी ते जनावर सरकारचं, आणि ते ताब्यात आल्यापासून ४८ तासांत वनअधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्यात कळवायला हवं. महाराष्ट्रात १९२६ हा वनखात्याचा टोल-फ्री क्रमांक आहे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर आणि पुण्याजवळ बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रं आहेत. लांबच्या गावात आधी वनरक्षकाला गाठावं, मग तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला. कायद्याच्या धाकाने माणसं कधीकधी फोनच करत नाहीत, हे मला माहीत आहे. पण कळवणाऱ्याला कायदा आडवा येत नाही. कळवल्यावरच त्याचं उचलणं कायद्यात बसतं.

आमचं पिल्लू चारच्या सुमाराला वनरक्षकाच्या मोटारसायकलवर, त्याच्या जर्किनच्या आत, खोक्यासकट गेलं. हाड शाबूत होतं, स्नायूची एक पट्टी तुटली होती. डॉक्टरांनी टाके घातले. मी रोज फोन करत होते. तिसऱ्या दिवशी ते पायावर भार देत होतं. चौथ्या दिवशी वजन थोडं वाढलं. पाचव्या दिवशी पोट जरा टणक लागलं आणि सहाव्या रात्री ते गेलं. जखम भरत आली होती. कुणाकडून काही चुकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ताई, पाय आपण शिवू शकतो. बाकीचं सगळं आई करते."

जगली तरी अशा पिल्लांचा पुढचा प्रश्न सोपा नसतो. महिना-सव्वा महिन्यात हरळी, लसूणघास आपापलं खाऊ लागल्यावर त्यांना सोडायचं असतं: संध्याकाळी, सापडलं त्या भागातच, भटकी कुत्री नाहीत अशा जागी. पण ज्याचा पायच काढावा लागतो त्याचं काय? ससा जगतो तो धावण्यावर आणि धावता-धावता मारलेल्या हुलकावणीवर. तीन पायांचा पाळीव ससा घरात मजेत राहील. तीन पायांच्या रानसशाला माळावर सोडणं म्हणजे त्याची ससेहोलपट करणं, आणि पिंजऱ्यात ठेवणं म्हणजे रोजचा धसका. अशा वेळी डॉक्टर शांत मरण देतात. त्याला मी निष्ठुरपणा म्हणू शकत नाही.

यातलं बरंच काही फडात टाळता येतं. तोड चारही बाजूंनी आत येत गेली तर सगळी जनावरं शेवटच्या तुकड्यात कोंडतात. एका बाजूने तोडत गेलं, किंवा मधून बाहेर गेलं, तर त्यांना निसटायला वाट राहते. हार्वेस्टर आत घालण्याआधी सऱ्यांमधून एक फेरी मारावी. आणि पेटवलेल्या फडातून मोठा ससा पळून जाईल, पिल्लू मात्र गोठून बसेल. त्याला तेवढंच येतं.

त्या दिवशी मी वनरक्षकाबरोबर गेले नाही, कारण पिल्लू एकटं नव्हतं. तोडीवरच्या त्याच पोराने पाचट उलटताना दुसरं शोधून काढलं होतं. धडधाकट, डोळे टक्क उघडे. ते उचलून घरी न्यायची त्याची फार इच्छा होती. त्याची आई त्याला म्हणाली, "राहू दे बाबा. त्याची माय येईल." आम्ही पाचटासकट ते पिल्लू पंधरा-वीस पावलांवरच्या बांधावर, उंच गवताच्या बुडख्यात ठेवलं. टोळीने तेवढा कोपरा त्या दिवशी सोडला. मुकादम कुरकुरला, पण सोडला.

दिवस मावळल्यावर मी आणि तो पोरगा समोरच्या बांधावर, गाडीच्या आडोशाला बसलो. पौष पौर्णिमा जवळ होती, चांदणं स्वच्छ होतं. तोडलेल्या फडात नुसते बुडखे दिसत होते. बराच वेळ काही झालं नाही. पोरगा पेंगायला लागला होता. मग फडाच्या पलीकडच्या कडेला दोन कान उभे राहिले. ससा थांबत-थांबत आला, जुन्या जागी जाऊन त्याने हुंगलं, तिथे तो दोनदा गोल फिरला. आणि सरळ बांधाकडे वळला. गवतात शिरला आणि दिसेनासा झाला. चार-पाच मिनिटं गवताचे शेंडे अधूनमधून हलत राहिले. मग तो बाहेर पडला आणि आला तसा निघून गेला.

पोराने माझा हात धरला होता. "दोनच मिन्टं थांबली," तो हळूच म्हणाला. मग जरा वेळाने, "दुसऱ्याला पण हुडकत होती का ती?"